कॅप्टनची चढाई

न्यायाच्या बाबतीत माझ्या रूममेटइतका त्रासदायक माणूस त्या काळी अख्ख्या नाशकात सापडला नसता. डब्यात तीन पोळ्या आल्या की तिसरीचे तो दोन तुकडे करायचा, मोठा वाटेल तो मला द्यायचा आणि वर विचारायचा, "चालेल ना?" कॉलेज रोडच्या मागे आमची खोली होती, तिथे त्याने सुटे भाग जुळवून केलेला कॉम्प्युटर होता. परदेशी फुटबॉलचे गेम खेळून कंटाळा आल्यावर त्याने आमच्या कॉलेजच्या टीमचा कबड्डीचा गेम स्वतःच बनवायला घेतला. संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून तो एकेकाची चाल न्याहाळायचा. त्या टीममध्ये मीही होतो, म्हणजे एक्स्ट्रा. गेममध्ये त्याने मला रेषेबाहेर टाळ्या वाजवत उभं केलं होतं. "निदान मांड्या तरी जरा भरीव कर," मी म्हणालो. "आहेत तेवढ्याच दाखवल्यात," तो शांतपणे म्हणाला.

गेम इतका झकास जमला की गल्लीतला गेम पार्लरवाला तो मागायला आला. मी ताबडतोब हो म्हटलं. टाळ्या वाजवताना का होईना, चार लोकांनी मला पाहिलं असतं. रूममेट म्हणाला, "ज्यांचा खेळ आहे त्यांना आधी विचारू." आमचा कॅप्टन सुरगाण्याकडचा, बोलायला कमी. तो म्हणाला, "कॉलेज आम्हाला म्याचच्या दिवशी केळी देतं. आता ह्यो बी आमच्यावर दुकान चालवणार? टीमला दूध चालू कर म्हणावं, मग चालव." पार्लरवाला हसला. "नावं बदला की. कोणाला कळतंय?"

"नावं बदलतील. चाल त्यांचीच राहील," रूममेट म्हणाला आणि विषय मिटला. माझी कीर्ती अशी दुधापायी गेली.

त्याच हंगामात चढाई करताना कॅप्टनचा गुडघा गेला. तो लंगडत आमच्या खोलीवर आला. रूममेटने त्याला खुर्ची दिली आणि गेम लावला. कॅप्टन खेळलाच नाही; रूममेट खेळत होता आणि तो नुसता बघत बसला. पडद्यावर तो वाकून रेषा ओलांडत होता, हात लांबवत होता, परत येत होता.

"मी असा पळायचो व्हय?"

"असाच," मी म्हणालो. त्या दिवशी मला विनोद सुचला नाही.

परीक्षा झाल्यावर तो गावी निघाला, गुडघा तसाच घेऊन. स्टँडवर रूममेटने गेमची सीडी त्याच्या हातात ठेवली. कॉम्प्युटरातला गेम त्याने सकाळीच पुसला होता. "ह्याच्या गावात कॉम्प्युटर कुठे आहे?" मी पुटपुटलो. "नसू दे. खेळ त्याचा आहे," रूममेट म्हणाला. एसटी सुटली तेव्हा कॅप्टन खिडकीशी सीडी उन्हात धरून उलटसुलट बघत होता, जणू आत कुठेतरी आपण पळताना दिसू.