दाजी, जरा उठा

"कुणी जागचं हलायचं न्हाय! पत्ते मोजा! आत्ताच्या आत्ता मोजा!"

उमरग्याचा शिवाप्पा ओरडत होता. मालकीचे ट्रक दोन, पण आवाज दहा ट्रकांच्या हॉर्नचा. मांडवातली पाचशे माणसं आमच्या सतरंजीवर वाकली. पाचशे म्हणजे — आज खरं सांगायला बसलोय, तर दीडशे असतील.

मी अंकुश. येरमाळ्याच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. तिथं चहा विकत आणि थापा फुकट मिळतात. बंद पडलेली बस मी एकट्यानं घाटापर्यंत ढकलत नेली, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवसाच्या मेंढीकोटाचीही एक गोष्ट मी सांगतो, गिऱ्हाईक हसून हसून चहा सांडतं. पण खरं काय झालं ते गावात मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? — ते मलाही नीट कळत नाही.

मेंढीकोटाचे सामने होते. बक्षीस — म्हैस. हत्तीएवढी नव्हती, पण दिवसभर मांडवाच्या खांबाला बांधलेली म्हैस मोठीच दिसते. समोरासमोरचे दोघं जोडीदार. माझे जोडीदार दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. प्राथमिक शाळेत गुरुजी. कुठली दश्शी कुणाकडं, कुणाचं किलवर संपलंय, सगळं त्यांना पाठ.

आणि दाजींची आणखी एक गोष्ट होती. आसपासच्या दहा गावांत — इथं मी वाढवून सांगत नाही — भावाभावांत वाटणी निघाली की चिठ्ठ्या टाकायला त्यांनाच बोलावणं यायचं. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ दाजींच्या हातातली चिठ्ठी मुकाट उचलायचे. त्यांच्याकडं शेत फार नव्हतं, माडी नव्हती. हे होतं.

तो दिवस मात्र माझा नव्हता. सकाळपासून हाताला दुरी-तिरीशिवाय काही लागेना. एक्का बघायला मिळाला तो शिवाप्पाच्या हातातला. दाजी एकटे डाव ओढत अंतिम सामन्यापर्यंत आले आणि मी समोर बसून पत्ते टाकत राहिलो — हुकूम नाही, चित्र नाही, काही म्हणजे काही नाही. थापाड्या माणसाच्या हातात दिवसभर काहीच नसतं, तेव्हा आत काय होतं ठाऊक आहे का? बरं, मी तर आठ दिवस आधीच हॉटेलामागं म्हशीचा खुंटा ठोकून ठेवला होता. सगळ्या फाट्यानं तो बघितला होता.

अंतिम सामना शिवाप्पाच्या जोडीशी, नऊ डावांचा; आठ डावांत चार-चार बरोबरी. आठव्या डावाचे पत्ते मी गोळा केले. इस्पिकचा एक्का वर आला आणि माझ्या मांडीखाली गेला. गेला म्हणू? — नाही, ठेवला. मीच ठेवला. बेत असा की वाटून झाल्यावर एखादी दुरी खाली सारायची आणि एक्का वर घ्यायचा. उरलेले पत्ते दाजींच्या हातात दिले. पिसायची पाळी त्यांची होती.

आता बघा माझी अक्कल. एक पत्ता कमी असला तर शेवटी कमी पडणार कुणाला? वाटणाऱ्याला. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

दाजींनी पाच-चार-चार वाटले. शेवटचे चार त्यांचे स्वतःचे — तीनच निघाले. लपवायचं सुचलंच नाही त्यांना. ते आपणहून म्हणाले, "अरे, मला बाराच आलेत."

तेव्हाच शिवाप्पा ओरडला. पत्ते मोजले. एक्कावन्न. इस्पिकचा एक्का नाही. पंच म्हणाले, एकेक करून उठा.

त्या वेळी मला काय करता आलं असतं? लई काही. मांडी उचलून हसत म्हणता आलं असतं — धरला की राव मला! लोक खदखदून हसले असते. अंकुश्यानं पत्ता लपवला ह्यात नवल ते काय? म्हैस गेली असती, चार दिवस चेष्टा झाली असती, पाचव्या दिवशी तीच माणसं माझ्याकडं चहाला आली असती. माझं जाण्यासारखं काय होतं? — हे मला आज समजतं असं नाही. तेव्हाही समजत होतं. तरी मांडी उचलली नाही.

चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो. मी सतरंजी चाचपायच्या निमित्तानं पुढं वाकलो. मांडीखालचा एक्का आता मुठीत होता. हात दाजींच्या गुडघ्यापर्यंत नेला — नेला, गेला नाही — आणि पत्ता खाली सारला. एवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही, तरी काही नाही. वर मीच म्हणालो, "दाजी, जरा उठा."

ते उठले.

"आधी आपणच बोंब मारायची, व्हय गुरुजी?" शिवाप्पा म्हणाला. दीडशे माणसांत कुणाच्या डोक्यात आलं नाही की पत्ता लपवणारा बारा आलेत म्हणून सांगेल कशाला. माझ्या आलं होतं. दाजींनी पत्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हशीकडं बघत होतो.

पुढच्याच महिन्यात कळंबकडच्या दोघा भावांची वाटणी होती. दाजी धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. निरोप आला — गुरुजी, ऊन लई हाय, तुमी नका त्रास घेऊ. नंतर निरोपही यायचे बंद झाले. आणि मी? हॉटेलात ती गोष्ट रंगवत राहिलो. दाजींचं नाव येतं तिथं आवाज खाली घेऊन म्हणायचो, "होतं माणसाकडनं कधीतरी." हे मी किती वेळा म्हटलं असेल? शंभर वेळा. ह्यात थाप नाही.

सात वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडं गेलो. ती देवळात गेली होती, दाजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खुंटा, मांडी, गुडघा, सगळं. म्हणालो, दाजी, उद्या हॉटेलात चारचौघांसमोर सांगतो, पंचांना बोलावून सांगतो, शिवाप्पाच्या दारात जाऊन सांगतो.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"तू सांगितलंस तर लोक म्हणतील, गुरुजीनं मेव्हण्याला पढवून पाठवलं."