हात लावू नको

"उस फ्लास्क को हाथ मत लगाना. आज पूजा है."

सर सगळ्यांसमोर म्हणाले. विश्वकर्मा पूजेचा दिवस. लॅबमधल्या यंत्रांना हळदकुंकू लागत होतं. त्या फ्लास्कमधलं द्रावण सकाळी मीच बनवलं होतं. मी मागे सरकले. दाराबाहेर उभी राहिले. प्रसाद आला तो कागदावर, वरून टाकलेला.

सर तात्यापाऱ्यातले, या हिंदी शहरातल्या जुन्या वस्तीतले. मराठी. मी पीएचडीला आले तेव्हा माझं मराठी ऐकून सर खूश झाले होते. मग आडनाव विचारलं. त्यानंतर माझ्याशी फक्त हिंदी.

माझं काम सोन्याच्या कणांवर अर्धवाहकाचा थर चढवायचं. कण डोळ्यांना न दिसणारे. ते गोल झाले तर वाया. कांडीसारखे लांब हवेत. आकार ठरतो तो कण वाढताना. तापमान जरा चढलं, रसायनाचा थेंब घाईनं पडला, की सगळे गोल. माझे गोलच येत. सर म्हणायचे, "तुम लोगों के हाथ में ही नहीं है."

बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होते. घरी सांगितलं तर म्हणाले, "सही त्यायच्या हाती हाये, बेटा. डिग्री घे, मंग बोल." गाईड बदलायचा तरी सरांचीच परवानगी. कुठे जाणार?

थेंबांचा वेग कमी करत गेले. एकदा मायक्रोस्कोपच्या पडद्यावर कांड्या दिसल्या. सगळ्या सारख्या. विश्वास बसेना. पुन्हा केलं. पुन्हा कांड्या.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. आणि मराठीत बोलले. त्यांचा भाचाही आमच्याच लॅबमध्ये. परिषदेत हे काम तो मांडेल, मी त्याला पद्धत शिकवावी. "तुला स्टेजची सवय नाही ना. समजून घे."

मी खुर्चीवरून उठले. म्हणाले, "नाही सर. काम मी केलं, मीच मांडीन. पूजेच्या दिवशी मले बाहेर काहून उभं केलं, तेही तिथंच सांगीन."

सर परत हिंदीत आले. "सोच लो. दस्तखत मेरे हैं."

लॅबची चावी काढून घेतली. सही अडकली. विद्यापीठात तक्रार दिली, तिला उत्तर नाही. बाबा रोज म्हणतात, माफी माग.

मागणार नाही. पद्धत देणार नाही. डिग्री गेली तर जाऊ दे. माझ्या कामावरून माझं नाव मी कुणालाही पुसू देणार नाही.