दिवाळीपर्यंत रंधा नाही

आमच्या सोसायटीत दारं लागत नव्हती त्या तीन महिन्यांत, तळमजल्यावरच्या दिग्विजयला एकूण अकरा गाणी येतात हे सगळ्यांना कळलं. त्यातली चार अर्धीच येत होती. ती संपली की तो बादली वाजवायचा. बाथरूमचं दार चार बोटं उघडं राहत असेल तर आत माणूस आहे हे बाहेरच्यांना समजायला हवं, एवढाच त्यामागचा हेतू. त्याच्या शेजारच्या हंसाबेन गाणं म्हणत नसत. त्या दाराबाहेर आपल्या लाल चपला काढून ठेवत, आणि त्या चपला दिसल्या की त्यांच्या घरातली माणसं गॅलरीत जाऊन उभी राहत.

हे सगळं भास्करकाकांमुळे चाललं होतं. म्हणजे खरं तर विश्वामित्रीमुळे, पण नदीला बोलून काय उपयोग? काका रोज समोर दिसायचे.

२०२४ च्या ऑगस्टअखेर नदी मांजलपूरला आमच्याकडे आली आणि तीन दिवस राहिली. तळमजल्याच्या खिडक्यांचे गज अर्धे बुडाले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्या तीन दिवसांत आमच्या घरात बारा माणसं, दोन गॅस सिलिंडर आणि हंसाबेनचा पोपट होता. पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली, पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. लोकांनी गाळ उपसला, गाद्या रस्त्यावर टाकल्या, फ्रिज उघडून उन्हात उभे केले. दारांकडे कुणी पाहिलं नाही, कारण सगळी दारं उघडीच होती. चौथ्या दिवशी दिग्विजयने आंघोळीला जाताना दार ओढलं, तर ते चौकटीत मावेना.

दुपारी तो विजेचा रंधा चालवणारा माणूस घेऊन आला. रंधा एकदा गुरगुरला मात्र, समोरच्या घरातून भास्करकाका गाळाने भरलेल्या पायांनी आणि ओल्या बनियनमध्ये धावत आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"बंद कर आधी ते."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे. जरा घासलं की बसेल."

"बसेल ना. आज बसेल. थंडीत लाकूड सुकून आत जाईल, मग फटीतून मांजर येईल. मग तिची पिल्लं येतील. तेव्हा काय करशील? काढलेलं लाकूड परत चिकटत नाही."

"मग आता काय करू?"

"काही करू नकोस. उन्हात ठेवायचं नाही, त्याच्यावर पंखा मारायचा नाही, आणि दिवाळीपर्यंत रंधा नाही. पाणी प्यायलंय ते. आपलं आपण सोडेल."

"दिवाळीपर्यंत? आणि आंघोळ?"

"गाणी म्हण," काका म्हणाले.

भास्करकाकांनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम केलं. डब्यातली बाकं, खिडक्या, दारं. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत सोसायटीने त्यांना एकच गोष्ट विचारली होती: नोटीस बोर्ड टांगायला खिळा आहे का? बाकी सगळं आता तयार मिळतं. पण आमची सोसायटी जुनी. तिची दारं अख्ख्या सागवानी फळ्यांची, आणि काका सोडून आमच्यात कुणालाही लाकूड कळत नव्हतं. रंध्यावाला माणूससुद्धा काकांचं ऐकून यंत्र गुंडाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले. बिल्डरने सगळ्या बाथरूमची दारं एकाच सुताराकडून, एकाच मापाची करून घेतली होती, आणि आमचं दार कोरडं होतं. काकांनी बांबूची एक सरळ पट्टी घेतली, ती आमच्या दाराच्या रुंदीइतकी तंतोतंत कापली, टोकं घासली आणि कानावरची पेन्सिल काढून तिच्यावर तारीख लिहिली.

"हे कोरडं माप," ते मला म्हणाले. "आकांक्षा, रविवारी दहाला खाली ये. दुसरं टोक धरायला माणूस लागेल."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तळमजल्याच्या बारा घरांत काठी घेऊन फिरायचो. दारावर काठी आडवी धरायची आणि दार तिच्याबाहेर किती उरतं ते पाहायचं. काका ते सुतात सांगत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तेव्हा कळलं. दोन रविवारांत अख्खी सोसायटी सुतात बोलायला लागली.

"भास्करभाई, मारुं केटलुं?" हंसाबेन दारातच विचारायच्या.

"सव्वादोन."

"गया रविवारे पण सव्वादोन हतुं!"

"परवा पाऊस पडला ना, हंसाबेन. शांति राखो."

दिग्विजयची बायको मनाली फोनवर माहेरी सांगायची, "आमचं अडीचवर आलं," आणि तिच्या आईला वाटायचं जावयाचं वजन कमी होतंय.

काका रविवारी सकाळी दाढी करू लागले. पेन्सिल कानावरून उतरेना. त्यांची बायको, मंदाकाकू, माझ्या आईला म्हणाल्या, "सहा वर्षं जेवताना हूं शिवाय काही बोलत नव्हते. आता लाकडावर बोलतात. मला कंटाळा येतो, पण बोलतात." बारा घरं आपल्या शब्दावर थांबलीत, ही गोष्ट काका अशी सांभाळत होते की जणू भरलेला ग्लास घेऊन जिना चढतायत.

त्यात गौरी आल्या. गौरींबरोबर दरवर्षी येतात तशा इंदूरहून शालिनीताई येणार होत्या.

शालिनीताई ही मंदाकाकूंची थोरली बहीण. ह्या दोघींचं माहेर दांडिया बाजारातलं, घरात सगळे कचेरीतले कारकून. मंदाकाकूंचं लग्न ठरलं तेव्हा शालिनीताई म्हणाल्या होत्या, "मंदाला लाकूड तासणारा पाहिलाय." त्याला चौतीस वर्षं झाली. त्या दरवर्षी गौरींना पाच दिवस येतात, पुरणपोळी खातात आणि जाताना घराबद्दल एक मत देऊन जातात. ते मत मंदाकाकूंना पुढच्या गौरींपर्यंत पुरतं.

त्यांचं भांडण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मुद्दाम नाही. घराची मोठी दारंही लागत नव्हती.

"अहो, बाथरूमला साडी लावलीय आपण. शालूताई तिथे आंघोळ करेल?"

"वर आकांक्षाकडे जाईल."

"तिचे गुडघे घेऊन? दोन जिने?"

"मग गाणी म्हणेल."

मंदाकाकूंनी एक भांडं आदळलं. मग म्हणाल्या, "सुताराच्या घरात दार लागत नाही, हे ती इंदूरला जाऊन किती जणांना सांगेल ते मोजा तुमच्या काठीने."

"अगं, बारा घरांना सांगितलंय मी. मी रंधा लावला तर उद्या बारा रंधे सुरू होतील. मग कोण विचारणार मला?"

"आणि मला कोण विचारतं?" काकू म्हणाल्या.



गौरीजेवणाच्या दिवशी मी आणि आई हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेलो. भिंतीवरची पाण्याची रेघ झाकायला काकूंनी रांगेने दिवाळीची तोरणं लावली होती. दोन्ही गौरी छान दिसत होत्या. धाकटीचे खांदे यंदा जरा भरलेले वाटले, असं आई मला हळूच म्हणाली. आणि बाथरूमवरची साडी गेली होती. माझ्यासमोर शालिनीताई आत गेल्या, दार खट्कन लागलं, कडी सरकली.

"काका, सुकलं?" मी विचारलं. बाकीची दारं अजून दोन सुतांच्या खाली यायला तयार नव्हती.

"काही लाकडं लवकर सुकतात," काका म्हणाले आणि गौरींपुढची समई नीट करायला गेले. ती नीटच होती.

शालिनीताई बाहेर आल्या, पदराने हात पुसत सोफ्यावर बसल्या. "बाकी काही असो, भास्करराव," त्या म्हणाल्या, "दार मात्र छान लागतं तुमचं."

चौतीस वर्षांतलं हे पहिलं चांगलं मत. मंदाकाकूंनी आनंदाने आम्हाला दोनदा प्रसाद दिला. काका मात्र फरशीकडे पाहत राहिले. आम्हाला वाटलं, माणूस विनयी आहे.

ही बातमी तासाभरात बाराही घरांत पोचली, आणि ज्यांची कुरकुर चालली होती ती बंद झाली. काकांचं सुकलं म्हणजे आपलंही सुकणार. दिग्विजयने बारावं गाणं शिकायला घेतलं. रविवारी आम्ही फिरायचो तेव्हा काका आपल्या घरावरून पुढे जात. "माझं झालंय," म्हणत. आणि दिग्विजय कौतुकाने मला म्हणायचा, "बघ, स्वतःचं झालं तरी आपल्यासाठी फिरतोय माणूस."

दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर हवा कोरडी झाली, सकाळी ओठ फुटायला लागले, आणि एका रविवारी हंसाबेनचं दार काठीच्या बरोबरीला आलं. त्यांनी ते लावून पाहिलं. खट्. त्यांनी ते नऊ वेळा लावून पाहिलं. मग गूळ घालून गोड सुखडी केली आणि लाल चपला धुऊन आत ठेवल्या. पुढच्या दोन आठवड्यांत एकेक दार बसत गेलं. दिग्विजयचं सगळ्यात शेवटी. त्या दिवशी तो बाथरूममध्ये गेला आणि एक अक्षर न गाता बाहेर आला, तेव्हा मनालीने टाळ्या वाजवल्या.

"आता काकांचं दार," दिग्विजय म्हणाला. "सगळ्यात आधी सुकलेलं. त्याला हार घालायचा."

"अरे, राहू दे," काका म्हणाले. "काठी दे इकडे."

पण काठी दिग्विजयच्या हातात होती, मनालीच्या हातात झेंडूचा हार होता, आणि मागे अर्धी सोसायटी. आम्ही सगळे काकांच्या बोळकंडीत शिरलो. दिग्विजयने काठी दारावर आडवी धरली. ती दाराच्या बाहेर उरली.

त्याने ती उलटी करून धरली. तरीही उरली.

"काठी वाढली?" तो म्हणाला.

"ना रे," हंसाबेन पुढे येऊन म्हणाल्या. "दार दुबळुं थई गयुं."

मी वाकून पाहिलं. कडी लावली तरी दार आणि चौकट यांच्यामधून आतला नळ दिसत होता.

काकांना काहीही सांगता आलं असतं. हे दार दुसऱ्या सुताराचं आहे असं ते म्हणाले असते तरी आम्ही मानलं असतं. लाकडातलं आम्हाला काय कळतं? त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, परत ठेवली.

"आठ सप्टेंबर," ते म्हणाले. "दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. तुम्ही सगळे बाहेर ढोल वाजवत होता. तेवढ्यात दोन सूत काढले. मी."

"दार मी धरलं होतं," मंदाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दिग्विजय बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. "काका, मी तीन महिने गाणी म्हटली."

"चांगली म्हणायचास."

"अहो, पण सालपटं? पुरानंतर सगळ्यांचा कचरा तर मीच गोळा करून टाकत होतो रोज. कुठे दिसली नाहीत."

काकू दारात आल्या. हात पिठाचे होते. "धाकट्या गौरीच्या खांद्यांत," त्या म्हणाल्या.

"तरीच!" माझी आई एवढ्या जोरात म्हणाली की सगळे हसायला लागले. मनालीचा हार हातातून पडला. हंसाबेनना ठसका लागला. फक्त काका हसले नाहीत. त्यांनी दिग्विजयच्या हातातली काठी नीट पाहिली आणि म्हणाले, "ती तुझ्याकडेच ठेव आता. मी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं, ते संपलं."

हसणं हळूहळू थांबलं. दिग्विजय उठून उभा राहिला.

"काका, बारा दारं. बरोबर? अकरा जणांनी तुमचं ऐकलं. अकरा बसली. बाराव्याने ऐकलं नाही, त्याचं फसलं. ह्यात तुमचं काय चुकलं?"

"बारावा मीच आहे, गाढवा."

"मग त्याच्याशी तुम्ही बोला. आमचा काय संबंध?"

"भास्करभाईए भास्करभाईनुं मान्युं नहीं," हंसाबेन डोळे पुसत म्हणाल्या, आणि आता काकांचीही मिशी हलली.

काठी परत त्यांच्या हातात गेली. हार मात्र मनालीने हंसाबेनच्या दाराला घातला.

पुढच्या आठवड्यात काकांनी दार उतरवलं आणि त्याच्या कडेला दोन सुतांची पट्टी चिकटवली. दार जुन्या सागवानाचं, काळपट. पट्टी देवदाराची, जवळजवळ पांढरी. रंग देऊन जुळवता आली असती. काकांनी दिला नाही. उलट पट्टीवर पेन्सिलने लिहिलं: दोन सूत, घाई. आता कुणाचं कपाट फुगलं, खिडकी अडकली की ते माणसाला आधी आपल्या बाथरूमपाशी नेतात आणि पट्टी दाखवतात. मग हत्यारं काढतात.

मंदाकाकूंना हे मुळीच पसंत नाही. पाहुणे आले की नजर आधी तिथेच जाते, आणि शालूताई दरवर्षी येणारच. म्हणून काकू त्या कडेवर एक हिरवा टॉवेल टाकून ठेवतात. काका तो उचलून दोरीवर वाळत घालतात. काकू परत आणून टाकतात.  मी सकाळी त्यांचं दूध द्यायला खाली जाते तेव्हा टॉवेल दारावर आहे की दोरीवर ते पाहते, आणि आंघोळ शेवटी कुणाची झाली ते मला कळतं.