ट्रंकेतली गोधडी

गल्लीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. मोठ्या कंपनीत कपड्यांची डिझाइनं काढणारी बाई चांगली नोकरी सोडून लोकांचे जुने कपडे उसवत बसते, हे गल्लीच्या काही पचनी पडलं नव्हतं. मशीन नाही, नवं कापड नाही. जुन्या चादरी, शर्ट, पडदे यांतून ती हाताने एकेक कपडा उभा करायची आणि त्याला इतका वेळ लावायची की नवरा म्हणायचा, "गिऱ्हाइकाचं माप बदलेल, पण तुझी बाही काही संपायची नाही."

खोलीत पसारा असायचा, पण सुयांच्या बाबतीत ती भलती कडक. जागेवरून उठायचं तर सुई उशीत खोचूनच उठायचं. आणि कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो मांडीवर पसरून इंच न् इंच तळहाताने चाचपायचा. यात कधी खंड पडला नव्हता.

त्या सकाळी नेमका पडला. दातांची डॉक्टर दवाखान्यात जायच्या आधी तान्ह्या लेकीचा कोट घरी न्यायला आली. दारातूनच "झाला ना? द्या, द्या" करत तिने तो हातातून जवळजवळ ओढूनच नेला. कोट मात्र देखणा झाला होता. बाहेरून जुन्या शर्टाचं मऊ कापड आणि आत ऊब म्हणून आईच्या गोधडीचा तुकडा. आई गेल्यावर भावाने तिची ट्रंक पाठवून दिली होती, त्यात ही गोधडी निघाली. तिला कात्री लावायची ही पहिलीच वेळ होती.

डॉक्टर जाऊन अर्धा तास झाला आणि टाकेवालीचं लक्ष सुयांच्या उशीकडे गेलं. लांब, बारीक सुई जागेवर नव्हती. कोटाचे शेवटचे टाके तिने त्याच सुईने घातले होते.

तिने चटई झटकली, कपाटाखाली हात घातला, स्वतःचे कपडेसुद्धा झाडून पाहिले. डॉक्टरला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. ती आता कुणाचा तरी जबडा उघडून बसली असणार. आणि कोट घरी. बाळाच्या अंगात. बाळ कुशीवर वळलं तर? तिला पुढचा विचार करवेना. फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक तिने ओढून काढलं, कात्री घेतली आणि नवऱ्याला "सुई शोध!" असं ओरडून सांगत, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ती धावत सुटली.

डॉक्टरच्या सासूबाईंनी दार उघडलं. त्यांच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, अंगात तोच कोट, आणि आजी त्याच्या पाठीवर हलक्या हाताने थोपटत होत्या.

"आजी, थोपटू नका!" ती ओरडलीच. "आधी कोट काढा. माझी सुई आत राहिलीय बहुतेक."

आजींचा हात हवेतच थांबला. "अगं, काय बोलतेस काय तू!"

दोघींनी मिळून कोट काढला. बाळ जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. आजींनी त्याला खिडकीपाशी नेऊन पाठ, खांदे, काखा सगळं पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. बाळ घाबरून रडत होतं, एवढंच. टाकेवाली भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

मग तिने कोटावरून लोहचुंबक फिरवलं. पाठीवर, गळ्याच्या जरा खाली, ते अडकलं. थोपटायला हात पडतो तिथेच. तिने टाके कापले. गोधडीच्या थरांतून सुई निघाली, पण अर्धीच. जाडजूड, काळी पडलेली, टोक मात्र अजून बोचणारं.

"हीच का तुझी?" आजींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ही माझ्या आईची."

लहानपणी थंडीत तिघं भावंडं एका पातळ चादरीसाठी ओढाताण करायची आणि ही गोधडी ट्रंकेत पडून असायची. "हिला कुणी हात लावायचा नाही," आई एवढंच म्हणायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. पाहुण्यांसाठी जपून ठेवलीय, असं धरून टाकेवाली इतकी वर्षं मनात राग ठेवून होती. गोधडीत मोडलेली सुई आईला सापडली नसणार, आणि हाताने केलेलं एवढं काम टाकवलंही नसणार. बिचारी एकटीच भीत राहिली.

आजींनी उसवलेला कोट तिच्या हातात दिला. "ने बाई. नवा शिवून दिलास, तरी मला आता थोपटायचा धीर व्हायचा नाही." ती कोट घेऊन निघाली.

घरी नवरा दारातच बारीक सुई नाचवत उभा होता. "बघ, अर्धवट शिवलेल्या बाहीत होती. उगाच पळालीस!"

"उगाच नाही," ती म्हणाली.

सुईचा दुसरा अर्धा भाग आईच्या हातात राहिला असेल, किंवा अजून आतच असेल. तिनेही गोधडी टाकली नाही. घडी करून ट्रंकेत ठेवली आणि शाळेतून आलेल्या लेकीला म्हणाली, "हिला कुणी हात लावायचा नाही."

"का?" लेकीने विचारलं.

तिने लेकीला जवळ बसवलं आणि तिच्या तळहातावर ती अर्धी सुई ठेवली.