भिंतीतली रिकामी नळी
आंबवलेल्या चहाचा वास आला की छाणी गावातल्या घरातलं वायरिंग आठवतं. वहिनीकडे तेव्हा कोंबुचाची, म्हणजे त्या आंबवलेल्या चहाची, एक बरणी आणि चहा उकळायला इलेक्ट्रिक किटली, एवढंच होतं. तरी तिने वायरमनला जाड वायर, वेगळं अर्थिंग आणि शेजारी एक रिकामी नळीही भिंतीत घालायला लावली. ‘बेन, खाली पाइप शेना माटे?’ रिकामी नळी कशाला, असं त्याने गुजरातीत विचारलं. दादा तर खो खो हसला. वहिनीने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्या नळीतून ओवली आणि म्हणाली, ‘उद्या चहा आंबवायची विजेची टाकी येईल. भिंत मी एकदाच फोडणार.’ काल तिची मोठी टाकी आली. दादाने त्याच दोरीला नवी वायर बांधून ओढली, प्लॅस्टरचा कणही पडला नाही. आणि वायरीसोबत त्याने, कुणी न सांगता, पुढच्या वायरीसाठी आणखी एक दोरी आत घेतली होती.