सोळा तासांचा खोटा उपवास

गेल्या दिवाळीनंतर मी आणि बायको डॉक्टरांकडं गेलो. आधी ती काट्यावर चढली, मग मी. डॉक्टरबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. पण माझा आकडा बघून त्यांनी काटा एकदा बंद करून पुन्हा चालू केला. दोघांनाही वजन उतरवावं लागेल म्हणाल्या आणि दोन वाटा सांगितल्या. एक, दिवसातले आठ तास खायचं आणि उरलेले सोळा तास नुसतं पाणी. दुसरी, दोन-चार मिनिटं धाप लागेल असं झपाझप चालायचं, मग जरा हळू, पुन्हा झपाझप, अशा दहा-बारा खेपा.

"यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं.

"दोन्हीचा उपयोग होतो. तुम्ही जे वर्षभर टिकवाल ते चांगलं," त्या म्हणाल्या.

बायको रक्त द्यायला शेजारच्या खोलीत गेली तेव्हा त्यांनी मला हळूच बजावलं, "त्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे. त्यांनी उपाशी राहायचं नाही. त्यांना चालायलाच सांगा." मी मान डोलावली. आणि घरी काही बोललो नाही.

का नाही बोललो? कारण परत येताना स्कूटरवरच आमची पैज लागली. तिनं चालायचं, मी उपाशी राहायचं. दोन महिन्यांनी ज्याचं वजन जास्त उतरेल त्याची रीत दुसऱ्यानंही धरायची. डॉक्टरांचं सांगितलं असतं तर पैजच मोडली असती, दोघांना चालणारी चालायचीच वाट उरली असती, आणि मग मलाही तिच्याबरोबर चालायला लागलं असतं. हे पोट घेऊन वडगावच्या बोळातून, सगळ्यांच्या दारावरून, झपाझप! नुसत्या कल्पनेनंच मला घाम फुटला.

आमच्या घरी दोन माग आहेत, साड्यांचे, विजेवर चालणारे. बायको म्हणाली, "घड्याळ बघत चालले तर कुणाच्या तरी म्हशीवर आपटीन. तुमच्या मागावर चालते." म्हणजे असं, की दाराजवळचा माग चालू आहे तोवर बोळात झपाझप. धोट्यातली सुताची कांडी संपून माग थांबला की हळू. मी नवी कांडी घालून माग सोडला की पुन्हा झपाझप. बोळात वीसेक माग धडधडत असतात, पण आपला माग तिला बरोबर ऐकू यायचा. चौथ्या दिवशी शेजारच्या दोन आक्का तिच्या मागून चालायला लागल्या, आठवड्यात सहा झाल्या. सहा बायका पदर खोचून माझ्या मागाच्या तालावर पळताहेत, कांडी संपली की सगळ्या एकदम मंदावताहेत, आणि आमच्या दारातून हाका येताहेत:

"अण्णा, कांडी केवढी भरलायसा? जीव जायला लागलाय की!"

"आज सूत लई चांगलं आणलंय वाटतं, तुटंना झालंय!"

मी आत उपाशी बसून हसायचो, आणि हसलं की भूक आणखी वाढायची.

उपाशी राहणं आमच्या गावात तसं अवघडच. इथं कुणीही भेटलं की आधी कानडीत विचारतं, "ऊट आयता?" जेवण झालं का? सूतवाले, रिक्षावाले, वीजबिलवाले, सगळे हेच. दिवसातून दहादा मला माझ्या पोटाची आठवण करून द्यायला सगळी वस्ती कामाला लागलेली. पाच दिवस मी खरोखर पाळलं. सहाव्या दिवशी एकादशी आली. बायकोनं साबूदाण्याची खिचडी केली, वर शेंगदाण्याचं कूट, बाजूला दही. सकाळचे साडेआठ, माझी वेळ बाराची. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उपवासालाच तर हे खातात! उपवासाला जे चालतं त्यानं उपवास कसा मोडेल? मी दोन ताटल्या खाल्ल्या, अगदी शांत मनानं. बायकोनं बघितलं, पण तिलाही ते पटलेलं दिसलं. एकादशीच होती.

मग मी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा चिवडा अशा वस्तू सुताच्या पेटीत ठेवायला लागलो. रोज. एकादशी नसतानाही. हे मात्र तिनं बघितलं नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. तिचं वजन खरंच उतरायला लागलं होतं. ब्लाउज ढिले झाले, जिना चढताना ती गाणं म्हणायला लागली. मी घाबरलो. आणि मी, तीस वर्षं माग चालवणारा माणूस, बोटानं ताण्यातला, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या सुतातला, चांगला धागा तोडायला लागलो. धागा शोधायचा, गाठ मारायची, फणीतून ओढून घ्यायचा. तेवढा वेळ माग बंद. तेवढा वेळ सहा बायका निवांत. दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्या घरात असलं कुणी केलेलं मी ऐकलं नाही. आणि तरी मी तोडायचो.

दोन महिन्यांनी खडेबाजारात सुताच्या दुकानातल्या काट्यावर आम्ही पुन्हा चढलो. तिचं दीड किलो उतरलं होतं. माझं तीन. यातलं निम्मं म्हणजे पहिल्या वेळी, डॉक्टरांकडं, अंगात असलेला स्वेटर, मफलर, कात्री आणि किल्ल्यांचा जुडगा होता, हे मला काट्यावरच कळलं. मी तसाच खाली उतरलो. दुकानदारानं टाळी दिली. बायकोनं माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघितलं की मला तिथल्या पोत्यांच्या मागं लपावंसं वाटलं.

"हरले बघा मी," ती म्हणाली. "सोमवारपासून मी पण बारालाच जेवणार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. रविवार अख्खा हातात होता. मी मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय, मंगळवारी सांगू.

सोमवारी तिनं उठून गोळी घेतली, पाणी प्याली आणि माझ्यासमोर कांड्या भरायला बसली. अकरा वाजता तिच्या हातातली कांडी दोनदा खाली पडली. कपाळावर घाम. बोटं थरथरत होती, आणि ती विनाकारण हसत होती.

"अगं, साखर खा! गूळ खा!"

"न्हाय. अजून एक तास हाय," ती म्हणाली. जीभ जड झालेली. "तुम्ही दोन म्हयने राहिलासा, मला एक दिवस जमंना व्हय?"

मी गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं. दात घट्ट. आणि मला कळलं की ही माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून माझ्यासमोर कोसळणार.

"मी खाल्लंय!" मी ओरडलो. "रोज खाल्लंय! ही पेटी बघ!" मी पेटी उघडली. लाडू, चिवडा, सगळं जमिनीवर. "डॉक्टरांनी तुला उपाशी राहू नको म्हणून सांगितलं होतं, मी लपवलं! काट्यावर स्वेटर होता! खा गं, पाया पडतो!"

तिनं एकदा पेटीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग राजगिऱ्याचा लाडू उचलला आणि रागानं कडाकडा खाल्ला. मग गूळ. मग दुसरा लाडू. मी साखरपाणी धरून उभा, ती पितेय आणि डोळ्यांनी मला भाजतेय. पंधरा-वीस मिनिटांत थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला. मग मी धाग्याचंही सांगून टाकलं. म्हटलं, आता उरलंच काय.

तिनं आणखी एक लाडू तोंडात घातला आणि मी दोन्ही माग बंद केले.

"खाल्लासा ते सोडा," ती म्हणाली. "सूत तोडलासा? स्वतःच्या हातानं? साड्यांत गाठी घातलासा?"

"व्हय."

"माझ्याबरोबर चालायला लागू नये म्हणून?"

"व्हय."

तिच्या तोंडातून लाडवाचा भुगा उडाला. ती हसत सुटली. डोळे पुसत, पोट धरून, भिंतीला टेकून. मी रडत होतो, आणि तिचं बघून मलाही हसू फुटलं, आणि मग आम्हा दोघांनाही थांबता येईना.

दुपारीच मी तिला डॉक्टरांकडं नेलं आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी मला जे सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकलं. तिची गोळी नाश्त्यानंतर, आणि नाश्ता चुकवायचा नाही.

तेव्हापासून सकाळी आठ वाजता आमचे दोन्ही माग बंद असतात. ती भाकरी करते, मी झुणका परततो, आणि ती पहिला घास घेईपर्यंत मी समोर बसून तिच्या बोटांकडं बघतो. आमच्या बोळात एखाद्या घरातले सगळे माग एकदम बंद पडले की त्या घरची वीज गेली असंच धरतात. पहिल्याच दिवशी शेजारची आक्का दारात आली.

"काय अण्णा, करंट गेला व्हय?"

"न्हाय आक्का," मी म्हटलं. "हिचा नाष्टा चाललाय."