चौथा पुकारा

तांबेकाकांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द “खोटं” हा होता. नौपाड्यातल्या अभ्यासिकेत “शांतता राखा” या पाटीच्या बरोबर खाली बसून त्यांनी तो उच्चारला, आणि तोही असा खडा की स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या दहा-बारा पोरांच्या माना एकदम वर झाल्या. काकांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. पुढ्यात कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं जाडजूड गाईड होतं. त्यांनी बोटाने पुढचा प्रश्न गाठला, शेवटच्या पानांवर जाऊन उत्तर पाहिलं आणि म्हणाले, “हेपण खोटं.”

ही अभ्यासिका आमच्या माजी नगरसेवकांनी जनतेला अर्पण केली आहे. दारावरचा त्यांचा फोटो आतल्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा मोठा आहे आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मी समोरच्याच दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. दुपारी दवाखाना बंद असतो तेवढ्या वेळात इथे येऊन बसायचे. छत्तिसाव्या वर्षी मला वकील व्हायचं खूळ का लागलं ती कथा लांब आहे. स्वतःच्या घटस्फोटाच्या तारखांना हेलपाटे घालून घालून लागलं, एवढंच सांगते. क्लासच्या वेळा जमत नव्हत्या. तेव्हा घरचा अभ्यास, म्हणजे गाईड, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि आपणच आपल्याला भरलेला दम.

त्यामुळे दुसऱ्याच्या गाईडात डोकावायची मला सवय लागली होती. “काय खोटं आहे, काका?” मी विचारलं.

त्यांनी गाईड माझ्याकडे सरकवलं. अटक झालेल्या माणसाला किती तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं पाहिजे, असा प्रश्न होता.

“चोवीस,” मी म्हटलं. हे मला झोपेतसुद्धा येत होतं.

“चोवीस. पण कधीपासून मोजायचे? माणूस उचलला सोमवारी. अटक दाखवली बुधवारी. आणला गुरुवारी. कागदावर चोवीसच भरतात, ताई. ह्यात ‘वरीलपैकी नाही’ असा पर्याय पाहिजे होता.”

काका एकसष्ट वर्षांचे होते. चौतीस वर्षं ते कोर्टात शिपाई होते. कुठल्या कोर्टात ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. “उगाच एखाद्या न्यायालयाची बदनामी व्हायला नको,” म्हणायचे. काम एकच, न्यायाधीशांच्या दालनाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. तीन वेळा नाव घ्यायचं, कुणी आलं नाही तर आत वळून “गैरहजर” सांगायचं. मग आत त्या माणसाचं जे व्हायचं ते होई. नोकरीत असतानाच त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर मुलाने आणलेला स्मार्ट टीव्ही बघायचा सोडून हे गाईड आणलं होतं.

“कशासाठी, काका?”

“चौतीस वर्षं न्याय दारातून बघितला. आत तोंड उघडलं की साहेब चष्म्यावरून बघायचे. एकदा आत उभं राहून बोलायचंय. मग मरायला मोकळा.” जरा थांबून त्यांनी दुरुस्ती केली. “म्हणजे अपिलाची मुदत संपल्यावर.”

त्यांचा मुलगा नितीन बाळकुमच्या एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतो आणि काका त्याच्याकडे. नितीनला वडिलांची काळजी होती. खाली बाग होती, क्लब हाउस होतं, ज्येष्ठांसाठी लाफ्टर क्लब होता. हे सगळं सोडून पप्पा रोज बस पकडून नौपाड्याला परीक्षेच्या टेन्शनमध्ये बसायला जातात, हे त्याला समजत नव्हतं. “पप्पा, ह्या वयात कोण तुम्हाला विचारणार आहे?” असं तो एकदा म्हणाला होता. काकांनी मला ते सांगितलं आणि वर म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे त्याचा. पण आपण हरकत नोंदवून ठेवली.”

अडचण वेगळीच होती. आम्ही सगळे परीक्षेत नापास होऊ शकत होतो ते न येणाऱ्या प्रश्नांमुळे. काका मार खात होते ते येणाऱ्या प्रश्नांमुळे. मी घेतलेल्या पहिल्या सराव चाचणीत त्यांनी कायद्याच्या भागात पोरांच्या निम्मेसुद्धा गुण मिळवले नाहीत. साक्षीदाराने शपथेवर खोटं सांगितलं तर काय होतं, या प्रश्नाला त्यांनी चारही पर्यायांवर काट मारली होती.

“काय होतं?” मी चिडून विचारलं.

“घरी जातो. जाताना वडापाव खातो. मी स्वतः बघितलंय.”

त्यात त्यांचं गाईड जुन्या पुस्तकांच्या दुकानातलं. कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले, हे त्यांना मीच सांगितलं. चारशे वीस आता तीनशे अठरा झालंय म्हटल्यावर त्यांनी गाईड मिटलं. मग म्हणाले, “लोकांनी आता एकमेकांना शिव्या काय द्यायच्या?” चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत हे कळल्यावर तर त्यांना धक्काच बसला. “चुकलं तरी शिक्षा नाही? मग हा कायद्याचा पेपर कसा?” आणि दुसऱ्याच क्षणी, “नाही नाही, बरोबर आहे. तसंच असतं.”

शेवटी मी त्यांना एक दोनशे पानी वही आणून दिली आणि प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे “पुस्तकातलं”, उजवीकडे “बघितलेलं”. परीक्षेत फक्त डावी बाजू लिहायची. काकांनी रेघा पट्टीने मारल्या. उजवी बाजू आठवड्यात भरली, डावी रिकामीच.

“ताई, म्हणजे वकील व्हायचं तर आधी बघितलेलं विसरायचं?”

“परीक्षेपुरतं हो.”

“सगळे परीक्षेपुरतंच म्हणून विसरतात. मग त्यांना आठवतच नाही,” काका म्हणाले. मी त्यांना गप्प डावी बाजू भरायला लावली.

वहीच्या उजव्या बाजूला एक नाव तीनदा लिहिलेलं होतं, पार्वतीबाई बाळू भोईर. मी विचारलं तेव्हा काकांनी पेन खाली ठेवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. म्हातारी खाडीपलीकडच्या गावातून पहाटे निघून जमिनीच्या दाव्यासाठी आली होती. काकांनी तीनदा नाव पुकारलं, कुणी उठलं नाही, त्यांनी आत “गैरहजर” सांगितलं आणि दावा काढून टाकला गेला. संध्याकाळी कुलूप लावताना बघतात तर ती जिन्याखाली बसलेली. दारापासून दहा पावलांवर. “मला कदी बोलावतील रं?” विचारत होती. जन्मभर तिला सगळे बायो म्हणत आलेले. पार्वतीबाई बाळू भोईर म्हणजे आपणच, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आपलंच नाव तिला ओळखू आलं नाही, ताई. आणि गैरहजर मी म्हणालो.”

त्या दिवसापासून काकांनी चौथा पुकारा सुरू केला. तीन दारातून, आणि चौथा जिना उतरून, चहाच्या टपरीपर्यंत, झेरॉक्सवाल्यापर्यंत जाऊन. साहेब ओरडायचे, वकील हसायचे. काका म्हणायचे, “तीन पुकारे सरकारचे, चौथा आपला.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही दवाखान्यात काय पुकारता?”

“टोकन नंबर.”

“दाढ नंबरची दुखते का?”

दुसऱ्या दिवसापासून मी पेशंटना नावाने बोलवायला लागले. डॉक्टरांना वाटलं, मी कसलासा कोर्स केला.

परीक्षेचा फॉर्म मीच भरला. आडनाव माहीत होतं, पण नाव विचारल्यावर काका थोडे अडखळले. “दौलत. दौलत गोविंद तांबे.” कोर्टात “ओ पट्टेवाले”, घरी पप्पा, अभ्यासिकेत काका. दौलत म्हणणारी आई होती, तिला जाऊन वीस वर्षं झाली. पासवर्ड लक्षात राहणार नाही म्हणून तोही त्यांनी माझ्याकडेच ठेवला.

परीक्षा केंद्र शहाडच्या बाजूला एका कॉलेजात होतं. आम्ही दोघं वेळेआधी तासभर पोचलो. गेटवरच्या तरुणाने मला आत घेतलं आणि काकांपुढे हात आडवा धरला. “अंकल, पॅरेंट्सनी बाहेर थांबायचं.” काका खरोखरच दोन पावलं मागे सरकले. मी हाक मारल्यावर त्यांना खिशातलं हॉल तिकीट आठवलं.

बाहेर आल्यावर ते खुशीत होते. “ताई, शंभरावर खोटी उत्तरं दिली. सगळी बरोबर असणार. एकच खरं दिलं.”

“कुठलं?”

“चोवीस तासांचं. बहात्तरवर क्लिक केलं. हात वळलाच नाही.”

पहिल्या यादीत माझं नाव आलं, काकांचं नाही. दुसऱ्या यादीत नाही. तिसऱ्या यादीत त्यांनी मागितलेल्या कॉलेजची शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याला काकांपेक्षा एकच गुण जास्त होता. मी भयंकर चिडले. त्यांच्यावर, त्या बहात्तरवर, ज्याने प्रश्न काढला त्याच्यावर. काका शांत होते. त्यांनी गाईड कपाटावर ठेवलं, दोनशे पानी वही मला दिली आणि म्हणाले, “तीन पुकारे झाले, ताई. गैरहजर.” त्यानंतर ते अभ्यासिकेत आले नाहीत. फोनही बंद.

पण उरलेल्या जागांसाठी कॉलेजं स्वतः एक यादी लावतात. पासवर्ड माझ्याकडे होता. त्यांना न विचारता मी अर्ज टाकला. एका सकाळी दवाखान्यात मोबाइलवर यादी उघडली तर खालून दुसरं नाव काकांचं. मूळ कागद घेऊन त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्याला. मी डॉक्टरांना सांगितलं आणि रिक्षा पकडून बाळकुमला गेले.

टॉवरच्या गेटवर वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला. मला मजला माहीत होता, फ्लॅट नाही. म्हटलं, दौलत तांबे. तो म्हणाला, “इस नाम का कोई नहीं है मॅडम.” नितीनचे वडील म्हटल्यावर त्याची ट्यूब पेटली. “अरे, नितीन सर के पप्पा!” त्याने इंटरकॉम लावून पाहिला. “पण कुणी उचलत नाही. ॲपवर अप्रूव्हल आल्याशिवाय सोडता येणार नाही.”

गेटच्या जाळीतून आतली बाग दिसत होती. लाफ्टर क्लब भरला होता. पंधरा-वीस ज्येष्ठ हात वर करून हा हा हा करत होते, आणि कडेच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून, न हसता, काका बसले होते.

मी जाळी धरली आणि त्यांच्याच चालीत आवाज लावला. “दौलत गोविंद तांबेऽऽ, हाजीर हो!”

हसणं थांबलं. काकांची पाठ हलली नाही. मी दुसऱ्यांदा पुकारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्या वेळी काकांनीही मान वर करून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

“मॅडम, चिल्लाना मना है,” वॉचमन म्हणाला.

मी गेटच्या खालच्या दांडीवर पाय देऊन वर चढले आणि चौथ्यांदा पुकारलं. या वेळी आवाज फाटला.

काका हळूहळू उभे राहिले. वळले. मला पाहिलं. दोन्ही हात पोटावर बांधून, पाठ ताठ करून ते उभे राहिले आणि चौतीस वर्षांच्या त्या खड्या आवाजात म्हणाले, “हजर!”

गेटपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी जाळीतून मोबाइलवरची यादी दाखवली. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथून काढलं नाही.

“मघाशी तिन्ही वेळा ऐकलं, ताई,” ते म्हणाले. “म्हटलं, ती बिचारी एवढी ओरडतेय, हा दौलत तांबे उठत का नाही?”